शाळेत धर्माचा प्रश्न आला की काय करायचे? मुख्याध्यापक आणि पालकांसाठी

परिपाठात हात जोडलेच पाहिजेत का, डोक्यावर रुमाल चालेल का, शाळेच्या गणपतीची वर्गणी सगळ्यांनी द्यायची का, रोजा असलेल्या मुलाला मैदानावर पाठवायचे का? असे प्रश्न शाळा भरता भरता उभे राहतात आणि उत्तर त्याच तासाला हवे असते. तेवढ्या वेळात कोणी राज्यघटना उघडत नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचे चालते. हे टाळायचे असेल तर नियम आधी ठरवून, लिहून ठेवावे लागतात. ते कसे ठरवायचे हे पुढे आहे.

प्रत्येक प्रसंगी आधी एकच गोष्ट विचारा: इथे कोणी स्वतःचा धर्म पाळतो आहे, की दुसऱ्याला पाळायला लावतो आहे? पहिल्या गोष्टीला घटनेचे मोठे संरक्षण आहे. दुसरीला जवळजवळ नाही. शाळांमधल्या बहुतेक वादांत या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते.

आधी शाळा कोणत्या प्रकारची, ते पाहा

शाळांतल्या धार्मिक शिक्षणाविषयीचे राज्यघटनेचे कलम २८ सगळ्या शाळांना सारखे लागू होत नाही, म्हणून इथूनच सुरुवात करा.

जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या आणि सरकारच्या स्वतःच्या शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालतात. कलम २८(१) प्रमाणे तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. पालकांनी सह्या करून दिल्या तरी नाही, ग्रामसभेने ठराव केला तरी नाही. एकच अपवाद कलम २८(२) मध्ये आहे: एखादी संस्था मुळात देणगीतून किंवा विश्वस्त निधीतून उभी राहिली असेल, त्या निधीची अटच धार्मिक शिक्षण देण्याची असेल आणि सरकार ती फक्त चालवत असेल, तर.

खासगी अनुदानित शाळा आणि अनुदान न घेणाऱ्या पण सरकारमान्य शाळा यांना कलम २८(३) लागू होते. तिथे धार्मिक शिक्षण किंवा उपासना असू शकते. मात्र सज्ञान विद्यार्थ्याची स्वतःची आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची संमती असल्याशिवाय कोणालाही त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. शाळेला शासनाची मान्यता असली की हे कलम लागू झाले, अनुदानाचा एक रुपयाही येत नसला तरी. ‘आम्ही खासगी आहोत, आमचे नियम आमचे’ हे वाक्य इथे उपयोगाचे नाही.

अल्पसंख्याक संस्थांना कलम ३० खाली शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, पण कलम २८(३) मधून त्यांना सूट नाही. मिशनच्या शाळेतल्या हिंदू मुलाला चॅपलमध्ये बसवायचे असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम २९(२) सांगते.

मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना शिक्षणहक्क कायदा २०१२ च्या दुरुस्तीनंतर लागू होत नाही. त्यांचा विषय वेगळा आहे.

कलम २५ काय देते आणि कुठे थांबते

कलम २५(१) सर्व व्यक्तींना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. ‘सर्व व्यक्तींना’ हे शब्द लक्षात ठेवा. त्यांत परदेशी नागरिक येतो, नास्तिक येतो आणि सात वर्षांचे मूलही येते. पण कलमाची सुरुवातच मर्यादेने होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून. म्हणजे धर्माचरणाचा हक्क समानतेच्या हक्काला बांधलेला आहे. शिवाय २५(२) प्रमाणे धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांवर सरकार नियंत्रण आणू शकते आणि समाजसुधारणेसाठी कायदा करू शकते. महाराष्ट्राने १९५६ मध्ये हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा कायदा केला तो याच बळावर. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न आला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्याकडे बोट दाखवले.

प्रसाराच्या हक्काचीही सीमा ठरलेली आहे. आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्यापुढे मांडण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. वर्गात शिक्षकाच्या हाती गुण आणि शिक्षा दोन्ही असतात. तिथे बसलेले मूल उठून जाऊ शकत नाही. म्हणून शिक्षकाने वर्गात स्वतःच्या धर्माचा प्रसार करणे, मग तो कोणताही असो, बंदच ठेवावे. कपाळावरचा टिळा, डोक्यावरची टोपी, गळ्यातला क्रॉस हे त्याचे स्वतःचे आचरण आहे, त्यावर हरकत घेऊ नका. ‘तुम्हीही लावा’ म्हटले की सीमा ओलांडली.

मुख्याध्यापकांनी एक निकाल पाठच करावा. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, उभे राहण्यात आदर आला आणि मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा लागतो, खात्याचे परिपत्रक पुरत नाही, हे त्यातले मुद्दे. याचा अर्थ राष्ट्रगीताच्या वेळी गोंधळ घालायला मोकळीक आहे असा मुळीच नाही. मुद्दाम व्यत्यय आणणे हा १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. गप्प, ताठ उभे राहिलेले मूल मात्र गुन्हेगार नाही.

परिपाठ आणि प्रार्थना

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण प्रार्थना ‘नेहमीचीच’ वाटते. जिला बहुसंख्य मुले घरी सरावलेली असतात ती त्यांना धार्मिक वाटत नाही, ज्याच्या घरी ती नसते त्याला वाटते. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये घटनापीठाकडे पाठवण्याजोगा मानला, यावरूनच तो किती अवघड आहे हे कळावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाच्या बाजूने निकाल देताना प्रार्थनेवेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. शिक्षकाला ही मोकळीक आहे, तर मुलालाही हवीच.

परिपाठाची मांडणी अशी करा. राष्ट्रगीत, राज्यगीत, राज्यघटनेची प्रास्ताविका, दिनविशेष आणि बातम्या एकत्र ठेवा. हा सगळ्यांचा भाग. एखाद्या देवतेला, प्रेषिताला किंवा धर्मग्रंथाला उद्देशून असलेली प्रार्थना वेगळा, शेवटचा भाग म्हणून ठेवा. दोन्ही एकमेकांत मिसळले की प्रार्थनेला नको म्हणणारे मूल राष्ट्रगीतालाही गैरहजर दिसते आणि भलताच आरोप त्याच्या माथी येतो.

पूर्णपणे सरकारी शाळेत मी तर म्हणेन, हा दुसरा भाग ठेवूच नका. श्रम, सत्य, मैत्री, निसर्ग, देश यांवरची गीते मराठीत भरपूर आहेत. ज्या गीतासाठी कोणाचीच संमती विचारावी लागत नाही तेच परिपाठाचे गीत असावे.

अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला प्रार्थना ठेवायची असेल तर वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच, संमतीपत्र घ्या. मसुदा:

‘मी, खाली सही करणार, इयत्ता ____, तुकडी ____ मधील ____ याचा/हिचा पालक आहे. शाळेत होणाऱ्या ____ या प्रार्थनेचा/पूजेचा मजकूर मला दाखवण्यात आला आहे. माझ्या पाल्याने त्यात भाग घेण्यास माझी संमती आहे / नाही. ही संमती चालू शैक्षणिक वर्षापुरती असून ती मी केव्हाही लेखी कळवून मागे घेऊ शकतो/शकते. कारण देणे बंधनकारक नाही. दिनांक, सही.’

यात कुठे चुकते? एक, शाळा हे वाक्य प्रवेश अर्जातल्या बारीक अक्षरांत घालतात, ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ या ओळीखाली. अशी संमती खरी नव्हे, कारण नाही म्हटले तर प्रवेशच जाईल अशी भीती पालकाला वाटते. दोन, ‘नको असेल त्यांनी कळवावे’ अशी सूचना काढतात. कलम २८(३) उलट्या दिशेने लिहिलेले आहे: संमती मिळेपर्यंत सक्ती नाही. पालक गप्प राहिले याचा अर्थ संमती दिली असा होत नाही. तीन, वर्गशिक्षक वर्गात नावे वाचून ‘कोणाकोणाची संमती नाही’ असे विचारतात. त्या एका मिनिटाने कागदाचा सगळा उपयोग संपतो. हे कागद मुख्याध्यापकांकडेच ठेवा आणि वर्गशिक्षकाला फक्त आवश्यक तेवढे सांगा. चार, नकार देणाऱ्या मुलाला उन्हात, वऱ्हांड्यात किंवा शिपायाजवळ उभे करतात. ही शिक्षाच झाली. त्याला दोन पर्याय द्या: रांगेतच शांत उभे राहणे किंवा वर्गात किंवा वाचनालयात बसणे. निवड त्याची.

कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थी अठराचा झाला की सही त्याची स्वतःची, पालकाची नव्हे.

धर्माविषयी शिकवणे चालते, धर्म शिकवणे नाही

सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण नको म्हणून काही शिक्षक संतांचे अभंगही घाबरत शिकवतात. त्याची गरज नाही. १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयी माहिती देणे आणि एखाद्या धर्माची दीक्षा देणे यांतला फरक मान्य झाला.

पाठ तपासायची सोपी पद्धत म्हणजे क्रियापद पाहा. ‘मुस्लीम दिवसातून पाच वेळा नमाज पढतात’, ‘वारकरी आषाढीला पंढरपूरला जातात’, ‘बौद्ध त्रिशरण म्हणतात’ ही माहिती आहे. ‘आपण नमाज पढली पाहिजे’, ‘विठ्ठलाला शरण जावे’ हा उपदेश आहे. गृहपाठही तपासा. ‘तुमच्या परिसरातल्या एका प्रार्थनास्थळाची माहिती लिहा’ चालेल. ‘तुमच्या घरच्या देवाला रोज नमस्कार करून वहीत नोंद करा’ चालणार नाही, कारण ज्याच्या घरी देव नाही त्याच्यापुढे खोटे लिहिण्यावाचून मार्ग उरत नाही. अभंग साहित्य म्हणून शिकवताना अर्थ, वृत्त, भाषा, काळ यांवर प्रश्न विचारा, श्रद्धेवर गुण देऊ नका.

विज्ञानाच्या तासाला धर्मग्रंथातल्या विश्वोत्पत्तीच्या कथा समान पर्याय म्हणून मांडू नयेत. कलम ५१क(ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. अंगात येणे, भूत उतरवणे यांसाठी मुलाला मारहाण झाल्याचे कळले तर तो श्रद्धेचा प्रश्न उरत नाही, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांकडे जाण्याचा असतो.

गणवेश, रुमाल, कडे, गंडा

कायदा इथे अजून पक्का झालेला नाही, हे आधी स्वीकारा. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब ही इस्लाममधील अत्यावश्यक प्रथा नाही असे म्हणून गणवेशाचा आदेश उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. मुंबईत, चेंबूरच्या एका महाविद्यालयाचा ड्रेसकोड उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम ठेवला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या हिजाब, टोपी आणि बिल्ला यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा घालण्याची मुभा दिली नाही. म्हणून ‘न्यायालयाने बंदी घातली आहे’ किंवा ‘न्यायालयाने परवानगी दिली आहे’ असे कोणी ठासून सांगितले तर त्याच्यावर विसंबू नका.

धर्माचा अविभाज्य भाग असलेल्या प्रथेलाच संरक्षण, ही अत्यावश्यक प्रथेची कसोटी १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आली आहे. मुख्याध्यापकाने ती वापरू नये. कोणत्या धर्मात काय अत्यावश्यक, हे ठरवण्याचा अधिकारही शाळेला नाही आणि अभ्यासही नाही. शाळेने कामाची कसोटी वापरावी: या वस्तूमुळे शिकण्यात, ओळख पटण्यात किंवा सुरक्षिततेत नेमकी अडचण कोणती येते आणि ती बंदीशिवाय दूर होते का?

नियम लिहिताना धर्माचे नाव घालू नका. ‘डोके झाकायचे असल्यास गणवेशाच्या रंगाचा, नक्षी नसलेला, चेहरा उघडा ठेवणारा कापडी रुमाल किंवा पटका’ असे लिहिले की शीख मुलाचा पटका आणि मुस्लीम मुलीचा रुमाल एकाच नियमात बसतात. प्रयोगशाळेत बर्नर पेटवताना सैल टोक आत खोचलेले असावे, ओढणीलाही हाच नियम. कबड्डी, खो-खो, कुस्तीला टाचण्या, कडे, माळ, साखळी काढून ठेवावी, काढता येत नसेल तर मऊ पट्टी गुंडाळावी. ओळख पटवायची असेल तर शिक्षिकेसमोर, आडोशाला. नीट परीक्षेच्या सूचनांमध्ये पारंपरिक वेश घालणाऱ्यांनी झडतीसाठी लवकर यावे असे सांगितलेले असते. इतक्या मोठ्या परीक्षेला जे जमते ते घटक चाचणीला जमायला हरकत नाही.

कृपाणाचा उल्लेख कलम २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणातच आहे: कृपाण धारण करणे शीख धर्माच्या आचरणात धरले जाते. तरीही मर्यादा असतात. देशांतर्गत विमानप्रवासात पाते १५.२४ सेंटिमीटर आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटर याहून मोठे कृपाण नेता येत नाही. शाळेत पालकांशी बोलून लहान, म्यानात शिवलेले, कपड्याच्या आत राहणारे कृपाण असा तोडगा निघतो.

नियम खरा तटस्थ आहे का, हे ओळखायचे तर बहुसंख्यांच्या, डोळ्यांना न खुपणाऱ्या वस्तूंकडे पाहा. मनगटातला गंडा, राखी, टिकली, तुळशीची माळ चालत असेल आणि रुमालावरच बोट ठेवले जात असेल, तर नियम गणवेशाचा नाही, एका धर्माचा आहे. एक तर सगळे चालू द्या, नाही तर सगळ्यांना एकच कारण लावा. आणि काहीही झाले तरी मुलीला फाटकावर सगळ्यांसमोर रुमाल काढायला लावू नका. वर्गात बसू द्या, पालकांना पत्र पाठवा, आठवडाभराने बसून बोला. बुडालेले तास परत मिळत नाहीत.

सण, वर्गणी, डबा, उपवास

सण साजरे करायला हरकत नाही. रांगोळी, कंदील, ईदच्या शुभेच्छा, नाताळचा तारा, बुद्धपौर्णिमेचे व्याख्यान यांतून मुले एकमेकांची घरे ओळखतात, आणि ते मोलाचे आहे. आरती, अभिषेक, सामूहिक दुआ सुरू झाली की तो उपासनेचा भाग आणि त्याला वरचाच संमतीचा नियम. प्रसाद, शिरखुर्मा, केक समोर ठेवा, घेणे न घेणे मुलावर सोडा. ‘घे रे, काही होत नाही’ हा आग्रहच आहे.

वर्गणी वर्गात गोळा करू नका. मॉनिटरच्या हाती यादी दिली की ऐच्छिक वर्गणी सक्तीची होते. पेटी कार्यालयात ठेवा, देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहू नका.

शालेय पोषण आहारात जात-धर्मावरून वेगळी पंगत कधीही नको. आहार वेगळा असू शकतो, रांग एकच.

उपवास किंवा रोजा धरणाऱ्या मुलाची पालकांकडून एका ओळीची चिठ्ठी घ्या. मैदानी तासाला त्याला गुणलेखन, पंचगिरी असे काम द्या. चक्कर आली, ओठ कोरडे पडले, मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर सावलीत झोपवा, शुद्धीवर असेल तर साखर-मिठाचे पाणी द्या, डॉक्टरांना आणि पालकांना बोलवा. आरोग्य ही कलम २५ मधलीच मर्यादा आहे. लहान वर्गातल्या मुलांनी कडक उपवास धरू नये, असे पालकांना आधीच सांगा.

सणाच्या रजेसाठी आधी अर्ज घ्या आणि त्या दिवशी घटक चाचणी ठेवू नका. वर्षाच्या नियोजनावेळी सर्व समाजांच्या पालकांकडून दोन-तीन मुख्य दिवस विचारून घेतले की अर्धे अर्ज येतच नाहीत.

प्रवेश अर्जातल्या धर्माच्या रकान्यापाशी अडवू नका. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये म्हटले आहे. अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घ्यायची असेल तर मात्र धर्माची नोंद लागेल, हे पालकांना त्याच वेळी समजावून सांगा.

वाद पेटला तर पहिले चोवीस तास

मुलाने व्हॉट्सॲपवर काहीतरी स्टेटस ठेवले, दुसऱ्याने त्याच्या धर्मावरून शिवी दिली, बाकावर काही कोरले. असे झाले की त्याच दिवशी दोन्ही मुलांशी वेगवेगळे बोला आणि तारीख-वेळ घालून नोंद करा. आक्षेपार्ह मजकुराचा एकच स्क्रीनशॉट मुख्याध्यापकांकडे ठेवा, शिक्षकांच्या गटावरही टाकू नका. पसरवणाऱ्यावरच उद्या प्रश्न येतो. व्यासपीठावर उभे करून माफी मागायला लावू नका. त्याचे चित्रीकरण होते आणि मूल आयुष्यभर त्या चित्रफितीत अडकते. शिक्षकाकडून धर्मावरून टोमणे गेले असतील तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मधील मानसिक छळाची बंदी लक्षात घेऊन लेखी खुलासा मागा.

धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे आणि धर्मावरून गटागटांत वैर पसरवण्याचा कलम १९६ मध्ये. दोन्हींत हेतू महत्त्वाचा आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या मूर्खपणाला ही कलमे लावण्याची धमकी देऊ नका. अठराखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचे कलम १६ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, पण तिथेही मुलाला घालवणे हा पहिला उपाय असू नये.

फाटकाशी जमाव आला तर वर्ग चालू ठेवा आणि फाटक बंद करा. दोन-तीन प्रतिनिधींनाच कार्यालयात घ्या, त्यांचे निवेदन स्वीकारून पोच द्या. ११२ वर आणि ठाण्यात कळवा, शिक्षणाधिकाऱ्यांना फोन करून लगेच ईमेलही पाठवा. मुलाचे किंवा शिक्षकाचे नाव, वर्ग, पत्ता देऊ नका. त्या दिवशी निलंबन, माफीनामा, नियमबदल यांपैकी काहीही जाहीर करू नका. ‘निवेदन मिळाले, व्यवस्थापन समितीपुढे ठेवू, लेखी उत्तर देऊ’ एवढेच बोला. दबावाखाली काढलेले पत्र पुढे न्यायालयात टिकत नाही आणि पुढच्या जमावाला वाट दाखवते. संबंधित मुलाला मागच्या दाराने नव्हे, पालक आणि पोलीस यांच्यासोबत घरी पोचवा.

पालकांनी तक्रार कशी करावी

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, एका पानात: काय घडले, केव्हा, कोणासमोर, तुम्हाला काय हवे. ‘माझ्या मुलावर अन्याय झाला’ याऐवजी ‘१२ तारखेला परिपाठात हात न जोडल्याबद्दल अर्धा तास उभे केले. कलम २८(३) प्रमाणे आमची संमती नाही. यापुढे त्याला वर्गात बसू द्यावे’ असे लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. आवक करून घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आले तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. विनाअनुदानित शाळेत शिक्षक-पालक संघ. पुढची पायरी गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे होते. शाळेने कोणत्या परिपत्रकाच्या आधारे नियम केला हे सांगत नसतील, तर शिक्षणाधिकारी कार्यालयात दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. पुष्कळदा असे परिपत्रकच नसल्याचे उघड होते आणि वाद तिथेच मिटतो. मुलाला काढले असेल किंवा परीक्षेला बसू देत नसतील तर इतका वेळ थांबू नका, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्यासाठी वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. मुलांना तिथे मोफत मदत मिळते.

शाळेच्या कुंपणाबाहेर

बाहेरच्या वादांत सर्वांत जास्त भोंग्याचे असतात आणि परीक्षेच्या दिवसांत ते शाळेपर्यंत येतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. शाळेभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असा समज आहे, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे जाहीर केलेले असावे लागते. आपली शाळा जाहीर क्षेत्रात आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. नसेल तरी निवासी भागाची मर्यादा आणि रात्रीची बंदी लागू राहतेच.

ध्वनिवर्धकाने दुसऱ्याची शांतता भंग करूनच प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एका चर्चच्या प्रकरणात सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हणून तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवायलाही पोलिसांना सांगितले. तेव्हा ११२ वर फोन करताना ठिकाण, सुरू झाल्याची वेळ आणि अंदाजे अंतर सांगा, नाव द्यावे लागत नाही. मंदिर, मशीद, मंडळ, लग्नाचा डीजे, कोणाचाही आवाज असो, त्याच शब्दांत तक्रार करा. एकाच धर्माच्या भोंग्याची तक्रार करणारा माणूस पोलिसांना लगेच ओळखू येतो आणि मग त्याची खरी तक्रारही मागे पडते.

रस्ता, बाग, मैदान यांवर नवे देऊळ, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा विनापरवाना उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात कोणी रातोरात दगडाला शेंदूर लावला किंवा हिरवी चादर टाकली, तर पंचनामा, छायाचित्र आणि महापालिकेला किंवा तहसीलदाराला पत्र, हे त्याच आठवड्यात करा. पत्रा आणि चौथरा उभा राहिल्यावर तेच काम कित्येक वर्षांचे होते.